आतला नंबर

१

डब्यावर नंबर सगळ्यात शेवटी घालायचा, ही आमच्या कामातली रीत. ती कोणी घालून दिली ते मला विचारू नका. सासऱ्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतली आणि लग्न होऊन आल्या आल्या माझ्या माथी मारली. रंग झाला, पट्ट्या ओढून झाल्या, गाडीचं नाव, वर्ग, वजन असं सगळं लिहून वाळलं की मग नंबर. नंबर पडला की डबा आपला नाही. त्याला पुन्हा हात लावायचा नाही, मालकाने यावं आणि उचलून न्यावा. मी मनातून हसायची, पण पाळायची. न पाळून भांडण कोण ओढवून घेणार?

डबा म्हटल्यावर लोकांना खेळणं वाटतं. आमच्याकडे येतात ते टेबलभर लांब असतात. हौशी माणसं बागेत रूळ टाकतात आणि इंजिनावर स्वतः मांडी ठोकून गाडी हाकतात, त्यांचे हे डबे. आत बाकं, दारांना मुठी, खिडक्यांना खऱ्या काचा. चाळिशी उलटलेली, केस पिकलेली माणसं एका पट्टीच्या जाडीवरून हमरीतुमरीवर येतात. येऊ देत बापडी, त्यांच्यावर आमचं घर चाललं.

रंग आमच्या यांचा, अक्षर माझं. यांचा हात स्प्रे गनवर असा बसला होता की रंगाचा एक ओघळ दाखवा आणि जेवायला या. पण अक्षर म्हणाल तर देवाचं नाव घ्या. एकदा मी तापाने पडले होते तेव्हा यांनी एका मालडब्यावर आकडे काढले, तर त्यातल्या पाचाचं पोट शेजारच्या आकड्याच्या मांडीवर येऊन बसलं होतं. मी अंथरुणातून उठून ते पुसलं. त्यानंतर कुठेही मोठं पोट दिसलं की मी यांना कोपर मारून म्हणायची, तो बघा तुमचा पाच चालला.

बाहेरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी माझं टेबल. आतल्या खोलीत हे, दारावर प्लास्टिकचा पडदा, आत एक्झॉस्ट फॅन. तो फॅन सुरू झाला की भिंत थरथरते, भिंतीबरोबर माझं टेबल आणि टेबलाबरोबर ब्रश. म्हणून हात टेकायच्या काठीने मी भिंतीवर दोनदा ठकठक करायची, हे फॅन बंद करून पलीकडून दोनदा ठकठक करायचे, म्हणजे 'कळलं'. आयुष्यभरात आमचं जेवढं बोलणं झालं असेल त्याहून ही ठकठक जास्त झाली.

आणि यांचा खोकला. आधी एक कोरडा, मग थांबून दोन ओले. दिवसभर भिंतीपलीकडून यायचा. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून स्पष्टच सांगितलं होतं, ती रंगाची खोली सोडा, नाहीतर ऑक्सिजनचं नळकांडं शेजारी घेऊन बसायची वेळ येईल. लेकीने तिच्याकडची तळमजल्यावरची खोली आमच्यासाठी रिकामी केली, पलंग आणले, खिडकीला जाळी बसवली. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. मला एकच गोष्ट हवी होती, हा माणूस त्या खोलीतून जिवंत बाहेर काढायचा. दुकान काय, गेलं खड्ड्यात.

तेवढ्यात हळूराव आले.

२

हळूराव हे नाव मीच ठेवलं. पायरी वाजली नाही, दार वाजलं नाही. मान वर केली तर गृहस्थ समोर उभे, हातात कापडात गुंडाळलेला डबा. बोलणं इतकं हळू की आपणच पुढे वाकून ऐकावं. मी सांगून टाकलं की काम बंद केलंय. त्यांनी वाद घातला नाही, फक्त कापड सोडलं.

डबा पत्र्यापर्यंत खरवडलेला होता. कुठे कारागिराची खूण नाही. पण काय काम होतं ते! दाराच्या बिजागऱ्या नखाएवढ्या आणि सगळ्या चालत्या. एवढ्या लांब डब्यात बाक मात्र एकच होतं, दोघांना पुरेल असं. मला ते जरा विचित्र वाटलं, पण हौशी लोकांचं काय सांगावं.

हे पडद्याआडून हात पुसत आले आणि डबा बघून त्यांचे डोळे लकाकले. अंगात नेहमीचा करडा स्वेटर, उजव्या कोपरावर विटकरी लोकरीचं रफू. करडी लोकर मिळाली नव्हती म्हणून मी ते तसंच केलं होतं, आणि हे येईल त्याला कोपर दाखवून सांगायचे, ही बायकोची सही. मी डोळे वटारले. ते म्हणाले, हा एक डबा, मग गन धुवून ठेवतो, वाटल्यास तू पुढे जा लेकीकडे. मी म्हटलं, तुम्हाला इथे सोडून मी कुठेही जाणार नाही. जित्याची खोड, दुसरं काय. शेवटी मीच नमले.

हळूरावांनी काम सांगितलं. रंग गडद हिरवा, अक्षरं क्रीम. नंबर बाहेर दोन्ही बाजूंना, आणि एक आत, दारावर. त्या नंबरात एक पाच होता. हे लगेच म्हणाले, "आतला मी घालतो. आत कोण बघायला येतंय?"

"तुमच्या पाचाचं पोट आत मावायचं नाही," मी म्हटलं.

आम्ही दोघं हसलो. हळूराव हसले नाहीत. पुष्कळ मालक आम्हाला आत छोटी माणसं चिकटवून द्यायला सांगतात, म्हणून मी त्यांना विचारलं, प्रवासी बसवायचेत का.

"प्रवाशांचं आम्ही बघतो, वहिनी," ते म्हणाले.

३

रंगाआधीच्या अस्तराचा पहिला हात मारला त्या दिवशी यांचा खोकला कमी झाला. मला इतका आनंद झाला की मी लेकीला मुद्दाम फोन करून सांगितलं. दुसऱ्या हातानंतर आणखी कमी झाला. हिरवा चढला त्या दिवशी तर मी अख्खी दुपार कान देऊन बसले, पलीकडून एकदाही खोकला आला नाही. डॉक्टरला काय कळतंय, असंही म्हणून घेतलं.

रंग वाळला की डबा आतून बाहेर आणून माझ्या टेबलावर ठेवायचा, हे काम माझं. आला तेव्हा मी तो एका हाताने कडेवर घेतला होता. अस्तरानंतर दोन्ही हात लागले. हिरव्यानंतर मला तो जागचा हलेना, यांना दुसरं टोक धरायला बोलवावं लागलं. आता रंगाचं वजन ते किती? मूठभर पिठाएवढंसुद्धा नाही, हे मला कळत नाही का? पण मनगटं दुखत होतीच, वयही झालं होतं, तेव्हा मी खापर वयावर फोडलं.

मग काचा. रंग मारताना खिडक्यांवर टेप लावलेली असते. बाकाजवळच्या खिडकीची टेप मी सोलली तर काच धुरकट. मी फडक्याने पुसली, थिनरने पुसली, पण धुरकटपणा आतून होता. छताचे स्क्रू काढून आत पाहिलं. आत कोरडं ठणठणीत, बाक रिकामं. काच आतून पुसून लख्ख केली, छत पुन्हा बसवलं. सकाळी पाहते तर काच परत धुरकट, आणि तीही फक्त बाकावर बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढीच. मी स्वतःला समजावलं की हवा दमट आहे, पत्रा गार पडतो, त्यात एवढं काय.

हे मात्र गप्प गप्प झाले होते. जेवणात लक्ष नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "झालंच." मी मुद्दाम त्यांच्या पाचाचा विषय काढला. एरवी माझ्या एका बोलण्याला दोन परत यायची. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "झालंच."

४

मी अक्षरं काढायला बसले. डबा घोंगडीवर आडवा, खडूची रेघ मारलेली, मनगट काठीवर टेकलेलं. पहिली दोन अक्षरं झकास उतरली. तिसऱ्याला फॅन सुरू झाला, टेबल थरथरलं आणि क्रीमची रेघ वाकडी गेली. मेला तो फॅन. मी भिंतीवर दोनदा ठकठक केलं.

फॅन चालूच. यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा, जरा जोरात केलं.

दोनदा ठकठक आली. पण भिंतीकडून नाही. ती माझ्या मनगटाखालून आली.

रंग वाळताना पत्रा कधी कधी तडकतो. मी तेच धरून बसले. आयुष्य पत्र्यात गेलं माझं, पत्रा काय करतो ते मला माहीत आहे. तो तडकला तर एकदाच, तोही कुठेही आणि कधीही; मोजून दोनदा नाही. मी नखाने डब्याच्या अंगावर दोनदा टिचक्या मारल्या. आतून दोन आल्या. यांची ठकठक पहिली जरा लांब आणि दुसरी घाईघाईची असायची. ही तशीच होती.

मी कान पत्र्याला लावला. ओल्या अक्षरांचा रंग गालाला लागला, तरी हलले नाही. आतून बारीक आवाज आला. आधी एक कोरडा, मग थांबून दोन ओले.



५

मी पडदा बाजूला केला. हे तिथेच होते, माझ्याकडे पाठ करून, तोंडावर मास्क, हातात गन. समोरचं स्टँड रिकामं होतं आणि हे त्या रिकाम्या स्टँडवर रंग मारत होते, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अगदी सराईत. गनमधून नुसती हवा निघत होती. खोलीला रंगाचा वास नव्हता. मी त्या खोलीत रंगाच्या वासाशिवाय कधी पाऊलच टाकलं नव्हतं, त्यामुळे क्षणभर मला दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं झालं.

"अहो," मी म्हटलं.

ते वळले. डोळे यांचे, कपाळावरचा व्रण यांचा. कापडी मास्क माणूस श्वास घेईल तसा आत जातो, बाहेर येतो. हा जागच्या जागी होता. मी बघत राहिले, तो हललाच नाही.

"झालंच," ते म्हणाले. आवाजही यांचाच.

मग त्यांनी गन खाली ठेवायला हात लांब केला आणि मला कोपर दिसलं. स्वेटर तोच, करडा. कोपर धड होतं. कधी फाटलंच नसावं असं विणीला वीण लागलेलं, रफू नाही, विटकरी धागा नाही, काही नाही.

मी पडदा सोडला आणि टेबलाशी परत आले.

६

लेकीचा फोन मी न लावताच आला. ती आनंदाने रडत होती. "आई, आत्ताच बाबांशी बोलले. काय खणखणीत आवाज झालाय गं! एकदाही खोकले नाहीत."

मी तिला म्हटलं, तू ये, ताबडतोब ये. ती म्हणाली, बाबा म्हणाले डबा गेला की निघतो, मग मी गाडी घेऊनच येते. काय सांगू? तुझे बाबा बरे झालेत म्हणून मला भीती वाटते? तिने मला आधी डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डबा इकडे एकटा राहिला असता.

बिघडलेली अक्षरं मी कशीबशी पुरी केली आणि छत पुन्हा उघडलं. बाक रिकामं. हात घालून चाचपलं, बोटांना गार पत्रा लागला. छत बसवलं, स्क्रू घट्ट केले, आणि टिचक्या मारल्या. आतून लगेच ठकठक. तीन वेळा असं केलं. उघडलं की कोणी नाही, मिटलं की आहेत. शेवटी मी बाकाजवळच्या खिडकीला डोळा लावून बसले, हलायचंच नाही ठरवून. बऱ्याच वेळाने धुरकट काचेवर आतून काहीतरी गोल गोल फिरलं, आपण बाहेरचं बघायला काच पुसतो तसं. पुसलेल्या जागेतून मला आत क्षणभरच दिसलं. करडी लोकर, आणि तिच्यावर विटकरी रफू.

मागे खुर्ची करकरली. वळून पाहिलं तर हळूराव दाराजवळच्या खुर्चीत बसलेले, टोपी गुडघ्यावर.

"फक्त नंबर राहिलाय ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, फक्त नंबर.

"सावकाश होऊ द्या. आम्हाला घाई नाही."

७

मग माझं एकच काम उरलं. सकाळी बसायचं, नंबर काढायचा, आणि तो वाळायच्या आत स्पिरिटच्या फडक्याने पुसून टाकायचा. कधी म्हणायचं रेघ जाड झाली, कधी म्हणायचं आकडा तिरका गेला. हळूराव मान डोलवायचे. ते खुर्चीतून कधी उठायचे, कधी परत यायचे, मला दिसलं नाही. मी मान वर केली की ते असायचेच. आतल्या खोलीत फॅन चालू असायचा आणि तो माणूस रिकाम्या स्टँडवर हवा मारत असायचा. बॅगा दाराशी तशाच. मी त्या तीन पावलांच्या जागेत अडकले होते, टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये. नंबर घातला तर डबा जाणार, अर्धवट सोडून उठले तर काढलेला नंबर वाळणार.

लेक चिडली. आई, एक नंबर काढायला एवढे दिवस? बाबा तयार होऊन बसलेत आणि तूच त्यांना त्या खोलीत अडकवून ठेवते आहेस. ते वाक्य मला असं लागलं की सांगता येत नाही. मी फोन ठेवला.

डब्यातल्या यांच्याशी मी टिचक्यांनी बोलायची. दोन म्हणजे मी आहे. उलट दोन म्हणजे कळलं. खोकला वाढत चालला होता. कोरडा राहिलाच नव्हता, सगळे ओले, आणि मधलं थांबणं लांबलेलं. त्या बंद पत्र्यात हवा ती किती असणार?

एकदा पुसता पुसता मी हळूरावांना विचारूनच टाकलं, बाक दोघांचं आहे ना?

"दोघांची सोय आहे, वहिनी," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला न वाकता ऐकू आला.

मी डब्याकडे वाकले, अगदी पत्र्याला ओठ लावले आणि यांना सांगितलं, घाबरू नका, मी येते. उद्या आवरते आणि येते.

आतून एकदाच, जोरात, ठक. एकाचा अर्थ आमच्यात कधी ठरलाच नव्हता.

८

सकाळी मी लेकीला चिठ्ठी लिहावी म्हणून बसले आणि लिहिलं काहीच नाही. तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसले, केस विंचरले. मग टेबलाशी आले.

डब्याच्या सगळ्या काचा लख्ख होत्या. कुठे धुरकटपणा नाही. खिडकीतून सरळ आतलं रिकामं बाक दिसत होतं, आणि बाकापलीकडे दार. दारावर क्रीम रंगात नंबर घातलेला होता. बाहेरून कडक दिसत होता, पूर्ण वाळलेला. आकडे ओळीतून खाली घसरलेले, आणि पाचाचं पोट शेजारच्याच्या मांडीवर.

मी काचेला नाक लावून बघत राहिले. वेड्या माणसा. तुला सांगितलं होतं ना, अक्षर माझं म्हणून. तुला कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? मी आत यायच्या आधीच नंबर घालून मला लेकीकडे पाठवायला एवढा खटाटोप?

मी टिचक्या मारल्या. पुन्हा मारल्या. मुठीने मारल्या, हिरवा रंग उडेपर्यंत. पत्रा नुसता पत्र्यासारखा वाजला.

हळूराव खुर्चीतून उठले होते. त्यांनी टोपी घातली.

"बाहेरचा नाही घातलेला," मी ओरडले. "नंबर पडलेला नाही अजून."

"आतला आहे की, वहिनी. तेवढा पुरे."

मी डब्यावर आडवी पडले. रीत गेली चुलीत. दोन्ही हातांनी कवटाळला, सगळं अंग टाकलं. त्यांनी तो माझ्याखालून काढून घेतला, टेबलावरचं भांडं उचलावं इतक्या सहज, एका हाताने. कापडात गुंडाळला. पायरी वाजली नाही.

मग आतला फॅन बंद झाला. पडदा सरकला. ते बाहेर आले, मास्क काढलेला, गाल भरलेले, दाढी केलेली. दोन्ही बॅगा त्यांनी दोन हातांत उचलल्या आणि त्यांना धापसुद्धा लागली नाही.

"चल गं," ते म्हणाले. "निघू या. लेक वाट बघतेय."

लेकीचं घर छान आहे. खिडकीला जाळी आहे, हवा खेळती आहे. लेक सगळ्यांना सांगते की बाबांची तब्येत बघा, आईने हट्ट धरून त्यांना त्या खोलीतून बाहेर काढलं. डॉक्टरांनी नवीन एक्स-रे बघून त्यांची पाठ थोपटली. ते शेजारच्या खोलीत बसून पेपर वाचतात. स्वेटर धुताना दर वेळी मी त्याचं कोपर बघते.

दुपारी घर रिकामं झालं की मी भिंतीवर दोनदा ठकठक करते. सवयच आहे ती. पलीकडून लगेच दोन येतात. दोन्ही सारख्या, मोजून मापून. मग मी भिंतीला कान लावून खोकल्याची वाट बघते. खोकला येत नाही.